आत्तींचं लाटणं

आत्तींनी लाटणं माझ्या उजव्या मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी दाब दिला आणि पुरणपोळीला लागतो त्याच्या चौपट जोराने ते गुडघ्यापासून वर फिरवायला सुरुवात केली.

मी कारखान्याच्या मागच्या खोलीत रिकाम्या खोळींच्या ढिगावर पालथी पडले होते. पुढच्या खोलीत पिंजण यंत्राची घरघर चालू होती. मी ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि बहुधा म्हणूनच आत्तींनी ही वेळ निवडली होती.

"कापूस गाठाळलाय," त्या म्हणाल्या. "हलू नगंस."

"आत्ती, दुखतंय."

"गाठी मोडताना दुखणारच. पिंजताना कापूस काय हसत असतोय?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, राजमती मगदूम. आमच्या घरात सासूला आत्तीच म्हणतात. सांगलीत बाजाराच्या मागच्या बोळात आमचा गादी कारखाना होता. कारखाना हे पाटीवर शोभायला. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक यंत्र आणि आत्ती. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता यायचं, पण आत्ती आजारी पडल्या की धंदाच बंद. गिऱ्हाइकाने जुनी गादी आणली की त्या तिच्यावरून नुसता तळवा फिरवायच्या आणि सांगायच्या, ह्यावर पोरं उड्या मारतात, नवरा डाव्या अंगाला झोपतो आणि मागच्या वेळी तुम्हाला कुणीतरी भेसळीचा कापूस भरून दिलाय. बायका लाजून तोंडाला पदर लावायच्या आणि घासाघीस न करता गादी ठेवून जायच्या.

तोच तळवा त्यांनी माझ्या मांडीवर फिरवला होता आणि तसाच निकाल दिला होता. गाठाळलेला कापूस मोडायचा, मोकळा करायचा, की गादी सारखी होते. माणसाची मांडी त्याला अपवाद असेल असं त्यांना वाटलं नाही. खरं म्हणजे मलाही वाटलं नाही. दहा वर्षं कापसात काढली की सगळं जग खोळीत भरलेलं दिसायला लागतं.

भानगड सुरू झाली ती एका निळ्या पोशाखापासून.

माझं माहेर कृष्णाकाठचं. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला नदीत ढकललं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, आणि वर्षभरात डबा सोडून पलीकडच्या काठावरची बोरं खाऊन यायला लागले होते. लग्नानंतर ते सुटलं. दोन बाळंतपणं झाली, अंग सुटलं, आणि एक दिवस जिना चढताना धाप लागली तेव्हा मी नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. वर्षभरात बारा किलो उतरले. सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले. शेजारणी दारात थांबवून विचारायच्या, काय खातेस म्हणून. मी जरा हवेतच होते.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धा आमच्याच तलावावर भरायच्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यात मोठ्या बायकांची रिले ठेवली होती. चौघींनी एकीमागून एक पोहायचं. आमच्या बॅचमधून चौघी निघाल्या. वासंतीताई गोगटे मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, वेताच्या छडीसारख्या सडपातळ. डॉक्टर फरीदा मुजावर यांचा दवाखाना आमच्या बोळाच्या तोंडाशीच होता. मालनकाकू पोस्टातून निवृत्त झालेल्या, पाण्यात सावकाश आणि बोलण्यात वेगवान. चौथी मी, आणि शेवटची फेरी माझी, कारण नदीत शिकलेल्या माणसाला दम जास्त असतो असं वासंतीताईंचं म्हणणं होतं. त्या दिवशी मी घरापर्यंत जवळजवळ नाचत गेले.

अडचणीचा नियम एकच होता. एरवी आम्ही सगळ्याजणी गुडघ्याखालपर्यंत येणारी चड्डी आणि वर सैल सदरा घालून पोहायचो. कुणाच्या मांड्या कुणी पाहिल्या नव्हत्या, पाहायची हौसही नव्हती. स्पर्धेत ते चालणार नव्हतं, पोहण्याचा अंगाबरोबरचा पोशाखच हवा होता. वासंतीताईंनी पुण्याहून चार निळे पोशाख आणले. कमरेला बोटभर झालर होती आणि झालरीच्या खाली सगळं उघडं.

घरी दार लावून मी तो चढवला. समोरून चांगली दिसले, उगाच खोटं कशाला बोलू. मग वळले आणि मान मागे करून कपाटाच्या आरशात पाहिलं. मांड्यांच्या मागे खड्डेच खड्डे होते, कुणीतरी बोटांनी दाबून ठेवल्यासारखे. वर्षभर मी दुपारचा चहा बिनसाखरेचा प्यायले होते, सणाला पुरणाला हात लावला नव्हता, आणि एवढं करून हे असं? मला रडूच आलं. माझ्या डोक्यातलं गणित सरळ होतं. हे खड्डे म्हणजेच चरबी. खड्डे आहेत म्हणजे चरबी आहे, म्हणजे ते बारा किलो नुसते काट्यावरून गेले, माझ्यावरून नाहीत.

त्यातून आमच्या तलावात प्रेक्षकांच्या पायऱ्या नेमक्या उडी मारायच्या ओट्यांच्या मागे होत्या. ओट्यावर उभं राहिलं की पाठ सगळ्या सांगलीकडं. उडी मारायच्या आधी कमरेत वाकावंही लागतं. ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं आणि मग जाईना.

आधी मी एका पार्लरमधून क्रीम आणलं. त्याने मांडी तुळतुळीत झाली आणि खड्डे जास्तच उठून दिसायला लागले. मी दुसऱ्यांदा रडत असताना आत्ती कापसाच्या खोलीत आल्या, आणि मी काही लपवायच्या आत त्या म्हणाल्या, दाखव. मी दाखवलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं. मग तळवा फिरवला, निकाल दिला आणि आपल्या ट्रंकेतून एक लाटणं काढलं.

ते स्वयंपाकघरातलं नव्हतं. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेलं, मधोमध झिजून बारीक झालेलं आणि तेल पिऊन काळंभोर झालेलं. हे कुठलं, असं मी विचारलं. "हाय माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि तिळाचं तेल कोमट करायला गेल्या.

मला त्यांचं नवल वाटलं, कारण माझ्या पोहण्याची त्यांनी तोवर कधी चौकशी केली नव्हती. आत्तींना पाण्याची भीती आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरून त्यांची चेष्टाही व्हायची. एका मोठ्या पुरात बोळात गुडघाभर पाणी आलं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका लुगडी खोचून पाण्यातून चालत शाळेत गेल्या. आत्ती माळ्यावर चढून बसल्या आणि काही केल्या उतरेनात. शेवटी माझ्या सासऱ्यांनी एका कोळ्याची होडी दारापर्यंत आणवली. नुसत्या गुडघाभर पाण्यासाठी होडी, ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगितली जायची. आत्तीही ऐकून हसायच्या.

तर, रोज दुपारी लाटणं सुरू झालं. आत्तींचा हात सराईत होता. कुठे जोर द्यायचा, कुठे हलकं घ्यायचं, तेल कुठे जिरतं, सगळं त्यांना बरोबर माहीत होतं. मी म्हटलंही, आत्ती, तुम्ही मालिशवाली व्हायला हवं होतं. त्यांनी माझ्या पोटरीवर एक चापट मारली आणि लाटत राहिल्या. स्पर्धा जवळ आली तेव्हा माझ्या मांड्यांचा रंग आधी निळा, मग हिरवा आणि कडेला पिवळा झाला होता. खड्डे जागच्या जागी होते.

शीतलने ते डाग पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. शीतल म्हणजे माझा नवरा. आमच्या जैनांत हे नाव पुरुषांचं असतं. स्वभावानेही तो तसाच, थंड. पोट तेवढं नावाला न जुमानता रोज पुढं सरकत होतं, गोल, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. तू पडलीस का, कुणी मारलं का, असं त्याने दहा वेळा विचारलं. मी शेवटी खरं सांगितलं तेव्हा तो आधी घाबरला आणि मग इतका हसला, की शर्टाचं मधलं बटण तुटून कापसात पडलं. ते शोधायला आमचा अर्धा तास गेला.

मला मात्र हसू येत नव्हतं. स्पर्धेला दोन दिवस राहिले तेव्हा मी सराव चुकवला. वासंतीताई दुकानात आल्या. मी लग्नसराईचं कारण सांगितलं, गाद्यांच्या ऑर्डरी पडल्यात, आत्ती एकट्या पुऱ्या पडत नाहीत वगैरे. आत्ती तिथेच दाभणात दोरा ओवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण माझं खोटं पाडलंही नाही. वासंतीताई म्हणाल्या, तिघींची रिले होत नाही, त्रिशला. मालनकाकूंनी बेळगावच्या लेकीला नातवंडांसकट बोलावून घेतलंय. नाही यायचं तर उद्या सकाळी येऊन त्यांना तुझ्या तोंडाने सांग.

सकाळी मी निळा पोशाख घडी करून पिशवीत घातला आणि नाही म्हणायला निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरले तेव्हा तिघीजणी नवे पोशाख घालून बघत होत्या. वासंतीताई माझ्याकडे पाठ करून बाकावर वाकल्या होत्या, टोपी शोधत.

त्यांच्या मांड्यांच्या मागे खड्डे होते.

मी दारातच थांबले. मला वाटलं, खिडकीच्या जाळीची सावली असेल. त्या हलल्या, तर खड्डेही त्यांच्याबरोबर हलले. वासंतीताई, ज्यांच्या दंडाला चिमटा काढायला मांस सापडायचं नाही, ज्या मुलींना धावायला लावून स्वतः पुढे धावायच्या. नाही म्हणायची जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरले आणि भलतंच बोलून गेले.

"वासंतीताई, तुम्हालाही?"

त्या वळल्या. मी कुठे बघत होते ते त्यांच्या लक्षात आलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी पाय वळवून स्वतःच मागे पाहिलं, जसं कुणी पाठीवर चुना लागलाय का ते बघतं.

"हे होय? कॉलेजपासून आहे. माझ्या आईलाही होतं. तिचं वजन तर माझ्याहून कमी होतं."

"पण तुमच्या अंगात चरबी कुठे आहे?"

"त्याचा आणि ह्याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या आणि फरीदा डॉक्टरांकडे बघितलं, आता तुम्हीच सांगा अशा नजरेने.

डॉक्टरांनी आधी माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग माझा चेहरा. त्यांना बहुतेक सगळं कळलं. परकर वर कर म्हणाल्या. मी केला. हिरवे-पिवळे डाग पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. कुणी केलं हे, असं विचारल्यावर मी लाटण्याची हकिकत सांगितली. मालनकाकू हसून हसून बाकावर बसल्या. त्यांच्या मांड्यांवरही तेच होतं, माझ्यापेक्षा जास्त, आणि त्या त्यावर टॉवेलसुद्धा घेत नव्हत्या.

"ऐक," डॉक्टर म्हणाल्या. "अंगातली चरबी ही एक गोष्ट आणि हे सेल्युलाईट ही दुसरी. चरबी म्हणजे शरीराने साठवलेली शिधासामग्री. ती सगळ्या अंगात असते, कातडीखाली आणि पोटात आतड्यांभोवती. ती वाढते, कमी होते. तुझी झालीय, म्हणून तर तू आता धापा न टाकता पोहतेस."

"मग हे खड्डे?"

"कातडी आणि खालचा स्नायू ह्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे धागे असतात. बायकांच्या मांडीत ते बहुतेक उभे असतात, कातडीतून सरळ खाली गेलेले. धागा जिथे कातडीला आत ओढतो तिथे खड्डा पडतो आणि दोन धाग्यांच्या मध्ये चरबी जरा वर फुगते. पुरुषांचे धागे तिरके, जाळीसारखे असतात, म्हणून त्यांना सहसा दिसत नाही. वजन उतरलं तरी धागे जागेवरच राहतात. कुणाचे खड्डे कमी दिसतात, कुणाचे जास्त. हा आजार नाही. क्रीमने जात नाही, लाटण्याने तर नाहीच. लाटण्याने फक्त माझ्याकडे पेशंट येतात."

मी ऐकत होते, पण माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येत होतं. कातडी, म्हणजे खोळ. चरबी, म्हणजे कापूस. वरून खाली गेलेला आणि घट्ट ओढून धरलेला धागा. मी दहा वर्षं रोज असे धागे ओढत होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे टाके आहेत."

"कसले टाके?"

मला हसू फुटलं होतं आणि ते आवरत नव्हतं. गादीच्या कारखान्यात राहून, रोज नव्या कोऱ्या गादीवर ओळीने खड्डे पाडून, ते मोजून गिऱ्हाइकाला दाखवून, मी स्वतःच्या मांडीला गाठाळलेली समजत होते. मी पिशवीतला पोशाख काढला आणि तिथल्या तिथे घालून बघितला. मालनकाकू म्हणाल्या, छान बसलाय, फक्त ते हिरवे डाग पोशाखाला शोभत नाहीत.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काळजी करायची चरबी कुठली ते सांगू का, असं विचारलं. पोटात आतड्यांभोवती साठते ती. वरून अगदी गुळगुळीत दिसते, एक खड्डा नसतो. तुझ्या नवऱ्याला एकदा दवाखान्यात पाठव, म्हणाल्या, मी त्यांना रोज बोळातून जाताना बघते.

घरी आले तेव्हा आत्ती कारखान्यात एका नव्या गादीवर बसून टाके घालत होत्या. लग्नातली गादी होती, लाल खोळीची. दाभण खाली जायचं, वर यायचं, दोरा ओढला की गादीवर एक सुबक खड्डा पडायचा. मी चपला काढून त्यांच्यासमोर गादीवर बसले आणि त्यांचा हात धरून त्या खड्ड्यावर ठेवला.

"आत्ती, हा खड्डा कशानं पडला?"

"टाका घातला म्हणून," त्या म्हणाल्या. "तुला काय झालंय?"

"कापूस गाठाळलाय का?"

"जीभ झडंल तुझी. नवा पिंजलेला कापूस हाय."

"टाके काढून टाकले तर?"

"मग काय, सगळा कापूस एका कोपऱ्यात जाईल. गादी न्हाई, पोतं होईल." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय म्हणायचंय तुला?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, माझ्या शब्दांत, म्हणजे आमच्या धंद्याच्या शब्दांत. मांडीतही टाके असतात. बाईच्या मांडीत उभे असतात. कापूस कमी केला तरी टाके राहतात, पातळ गादीवरही खड्डे दिसतातच की. बहुतेक सगळ्या बायकांना असतात. वासंतीताईंनाही आहेत.

"त्या काटकीला?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

आत्तींनी दाभण गादीत टोचून ठेवलं. त्या लाल खोळीवरून हात फिरवत राहिल्या, एका खड्ड्यातून दुसऱ्यात.

"म्हणजे लाटण्यानं जात न्हाईत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं लाटतीया. न्हाई गेले."

मला कळायला क्षणभर लागलं. मग ते झिजलेलं लाटणं, तो सराईत हात, ट्रंकेतला पातळाचा तुकडा, सगळं एकदम समोर आलं. मग आत्तीच सांगू लागल्या, हळू आवाजात, खोळीकडे बघत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्याजणी मळ्यात गेल्या होत्या. विहिरीच्या पाटात पाय सोडून, पातळ वर घेऊन बसल्या होत्या. एका चुलतजावेनं सगळ्यांसमोर विचारलं, राजमतीच्या मांडीला उंदरांनी कुरतडलंय काय. सगळ्या हसल्या. त्यांच्या सासूबाईही हसल्या. आत्ती तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या.

"त्या दिवसापासनं पाण्यात पाय घातला न्हाई," त्या म्हणाल्या. "पूर आला तवा पण. पातळ वर घ्यावं लागलं असतं."

होडीच्या गोष्टीला मी किती वेळा हसले होते ते मला आठवलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतला कापूस काढायला सुरुवात केली, एक एक तंतू, जसं काही दुसरं करण्यासारखं नव्हतंच.

"पाण्याची भीती न्हाईच मला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "माहेरी मी विहिरीत उड्या मारायची."

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या पायऱ्या भरल्या होत्या. मालनकाकूंची नातवंडं सगळ्यांत पुढे बसली होती. शीतल मुलांना घेऊन आला होता. आत्ती येणार का हे मी विचारलं नव्हतं, आणि ओट्याजवळ उभी राहिल्यावर मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. कळलं असलं तरी कळणं वेगळं आणि सगळ्या गावाकडे पाठ करून उभं राहणं वेगळं. झालर खाली ओढायचा मी दोनदा प्रयत्न केला.

मालनकाकू उतरल्या आणि सावकाश, पाण्याशी गप्पा मारत असल्यासारख्या पोहून आल्या. आमचा संघ शेवटचा. फरीदा डॉक्टरांनी थोडं भरून काढलं. वासंतीताई सुसरीसारख्या गेल्या आणि परत फिरल्या. मी ओट्यावर चढले. वाकायची वेळ आली आणि माझी कंबर वाकेना. पाठीवर सगळ्यांच्या नजरा आहेत असं वाटत होतं, मांडीवर तर जास्तच. वासंतीताई जवळ येत होत्या.

तेवढ्यात मागून, पिंजण यंत्राच्या घरघरीतूनही गिऱ्हाइकाला ऐकू जाणारा तो आवाज आला.

"त्रिशला, टाके झकास बसलेत! मार उडी!"

पायऱ्यांवरच्या कुणालाच ते कळलं नसेल. मला कळलं. मी वाकले, हवं तेवढं वाकले, आणि वासंतीताईंचा हात भिंतीला लागताच सूर मारला. पुढचं पाणी कृष्णेचं होतं की नगरपालिकेचं ते मला सांगता येणार नाही. मी नुसती हात मारत होते आणि पाण्यात हसत होते, त्यामुळे दोनदा नाकात पाणी गेलं.

आम्ही दुसऱ्या आलो. मालनकाकूंच्या नातवंडांना पहिल्या आल्यासारखं वाटलं आणि कुणी त्यांची समजूत घातली नाही. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा आत्ती पायऱ्यांवर नव्हत्या. त्या तलावाच्या उथळ टोकाला, काठावर बसल्या होत्या. पातळ गुडघ्यांच्या वर घेतलं होतं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. शीतल शेजारी उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, जसा माणूस होडी न येता पूर ओसरलेला बघतो.

"आई, पाण्याची भीती गेली?" त्याने विचारलं.

"तू आधी पोट आत घे," आत्ती म्हणाल्या. "तुझ्या गादीला एक टाका न्हाई. सगळा कापूस पुढं आलाय. उद्यापासनं दवाखाना आणि चालणं."

त्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत आम्ही जेवायला बसलो, नेहमीसारखे. पोळ्या आत्तींनी केल्या. हातात ते काळंभोर लाटणं होतं. सकाळीच त्यांनी ते सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात घासून उन्हात वाळवलं होतं. त्यांनी पहिली पोळी माझ्या ताटात वाढली.

"बघ जमलीया का," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच पिठावर चाललंय बिचारं."

पोळीला तिळाच्या तेलाचा वास येत होता. मी तीन खाल्ल्या. शीतलला दोनच मिळाल्या.

आता आत्ती नाहीत. ते लाटणं माझ्या स्वयंपाकघरात आहे. मधोमध झिजलेलं असल्यामुळे त्याची पोळी कडेला पातळ आणि मध्ये जाड होते, आणि माझी सून दर दिवाळीला म्हणते, आई, आता नवं घेऊ या. मी म्हणते, तुझ्यासाठी घे. माझं आहे.